ताण, पथ्य आणि कांदा-लसूण : लो-फॉडमॅप पथ्य शेवटपर्यंत टिकवायचं कसं?

हिंगजिरे

मंडळी, आयबीएससाठी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, वारंवार पोट दुखणं-फुगणं आणि शौचाच्या तक्रारी) लो-फॉडमॅप पथ्य सांगितलेल्यांचे प्रश्न आरोग्य विभागात दहा ठिकाणी विखुरलेत, म्हणून हा वेगळा धागा. काय खावं आणि काय टाळावं याच्या याद्या कुठेही मिळतात. इथे बोलायचंय ते वेगळंच. यादी फ्रीजवर चिकटवलेली असते, पहिले दोन आठवडे सगळं सुरळीत चालतं, आणि मग महिनाअखेर, परीक्षा, घरातलं आजारपण असं काही आलं की पथ्य मोडतं. ते का मोडतं आणि त्यावर आधीच काय करून ठेवता येतं?

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ च्या सुमारास ही कल्पना मांडली. काही कर्बोदकं (त्यांनाच फॉडमॅप म्हणतात) लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात गेली की तिथले जीवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. फरक एवढाच की आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्यामुळे तेवढ्याच वायूने दुसऱ्याला काही कळत नाही आणि याला कळ येते. मुख्य गट असे: फ्रुक्टान (कांदा, लसूण, गहू), जीओएस (डाळी, कडधान्यं, काजू), लॅक्टोज (दूध), जास्तीचं फ्रुक्टोज (मध, आंबा, सफरचंद) आणि पॉलिऑल (मश्रूम, फ्लॉवर, शुगर-फ्री गोळ्या).

पथ्याचे टप्पे तीन. पहिला वर्ज्य टप्पा, २ ते ६ आठवडे. दुसरा चाचणीचा, साधारण ६ ते ८ आठवडे, यात एकेक गट परत आणून बघायचा. तिसऱ्यात आपल्याला जे सोसतं ते सगळं पुन्हा ताटात.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. हे पथ्य निर्धार कमी पडला म्हणून फार कमी वेळा मोडतं. बहुतेकदा ते मोडतं कारण लोक पहिला टप्पा लांबवत नेतात, आणि जेवायच्या वेळेला उपाशीपोटी, दमलेल्या डोक्याने निर्णय घ्यायला बसतात. सहा आठवड्यांची चाचणी आहे म्हटलं की माणूस निभावतो. 'आता जन्मभर कांदा नाही' म्हटलं की त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरचा वडापाव दिसायला लागतो.

आणखी एक गुंता. ताण आला की आतड्याची हालचाल थेट बदलते. मेंदूतून सुटणाऱ्या सीआरएफ या संप्रेरकामुळे जठर रिकामं व्हायला उशीर लागतो आणि मोठं आतडं मात्र घाई करतं. म्हणजे ताणाच्या दिवशी पथ्याचं जेवूनही पोट बिघडू शकतं. मग माणूस दोष देतो ताटाला आणि यादीतून आणखी दोन पदार्थ कमी करतो. यादी आखडली की भूक वाढते, भूक वाढली की चिडचिड, आणि शेवटी सगळंच सुटतं.

---

खडूस_काका

धागा चांगला आहे. 'निर्धार संपतो' या समजुतीबद्दल थोडं, कारण ती आता व्हॉट्सॅपवरही फिरते.

याचं मूळ १९९८ मधल्या रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात आहे. खोलीत ताज्या चॉकलेट कुकीजचा घमघमाट. काहींना कुकीज खायला दिल्या, काहींना त्या समोर ठेवून फक्त मुळा खायला सांगितलं. नंतर सगळ्यांना न सुटणारं कोडं दिलं. मुळेवाल्यांनी साधारण ८ मिनिटांत हात टेकले, कुकीवाले १९ मिनिटांच्या आसपास झगडले. यावरून निष्कर्ष असा की निर्धाराचा साठा मर्यादित असतो आणि तो वापरला की रिता होतो.

पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर, याच कल्पनेची फेरतपासणी केली (प्रयोगाचा प्रकार वेगळा होता). परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण 'दिवसभर ऑफिसात डोकं वापरलं, त्यामुळे रात्री निर्धार उरला नाही' हे शास्त्र म्हणून सांगू नये.

आपल्याकडच्या लोकांसाठी याहून मजेदार गोष्ट म्हणजे २०१७ चा कृष्ण सवानी आणि व्हेरोनिका जॉब यांचा शोधनिबंध. त्यांना भारतीय सहभागींमध्ये उलटंच दिसलं. आधी कठीण काम केलेल्यांची पुढची कामगिरी सुधारली. संयम केल्याने माणूस थकत नाही, उलट त्याला बळ येतं, असा समज आपल्याकडे जास्त आढळतो आणि त्याचा हा परिणाम असावा, असं त्यांचं म्हणणं. चातुर्मास पाळणाऱ्या कुठल्याही आजीला हे सांगायला शोधनिबंध लागला नसता, ते सोडा.

आता ताणाबद्दल. ताणात साठा रिता होत नसेल, पण लक्ष आखडतं, झोप कमी होते आणि गोड-तेलकटाची ओढ वाढते. एवढं पुरेसं आहे. 'मला जमत नाही, माझ्यात ताकदच नाही' हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

---

सुपारीफोड

काका, मुद्दा मान्य, पण व्रत आणि पथ्य यांत फरक आहेच की. व्रताला सगळं घर बरोबर असतं. एकादशीला घरात कांदा चिरलाच जात नाही. पथ्यात तुमच्या ताटाशेजारी बाकीचे मिसळ खात असतात आणि वर 'एका घासाने काय होतंय?' हेही असतंच. निर्धार भारतीय की अमेरिकन हा प्रश्न नंतरचा. समोर मिसळ आहे की नाही, हा पहिला.

---

शेंगदाणाकूट

सुपारीफोड +१. म्हणून आता स्वयंपाकघराकडे वळू.

एक गोष्ट नीट समजली तर अर्धं काम होतं: फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून आमटीत अख्खा कांदा टाकून नंतर काढून घेतला तरी उपयोग नाही, त्याचे फ्रुक्टान रश्शात उतरलेले असतात. हॉटेलातल्या भाजीतले कांद्याचे तुकडे बाजूला सारून खाणं हा निव्वळ मनाचा खेळ. पण नुसत्या तेलात तळून काढलेल्या लसणीचा स्वाद चालतो.

लसणीचं तेल: एक वाटी शेंगदाणा तेल, ८-१० सोललेल्या अख्ख्या पाकळ्या. पाकळ्या फडक्याने कोरड्या करा, उभी चीर द्या, ठेचू नका (ठेचलेल्याचे कण गाळणीतून जातात). तेल मंद आचेवर ठेवून ५-७ मिनिटं, पाकळ्या सोनेरी होईपर्यंत. मग बारीक गाळणीने गाळा. पाकळ्या घरच्यांच्या चटणीला. हे तेल कधीही ओट्यावर ठेवू नका. लसूण-तेलात हवा नसते आणि बॉट्युलिझमचे जीवाणू तिथे वाढू शकतात. फ्रीजमध्ये ३-४ दिवस, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. एक घन म्हणजे एका भाजीची फोडणी. ताणाच्या आठवड्यात हे घन खरोखर उपयोगी पडतात, कारण 'बेचव' ही तक्रार पहिल्या घासालाच संपते.

कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग. पांढरा गड्डा घरच्यांना. हिंग चालतो. बांधणीच्या हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं, पण चिमटीतल्या हिंगाने फॉडमॅपचा हिशेब बिघडत नाही. (सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार, असलेल्यांचं वेगळं, त्यांनी पाकीट वाचूनच घ्यावा.)

मसाले: पारंपरिक गोड्या मसाल्यात कांदा-लसूण नसतो. कांदा-लसूण मसाला बाद, हे नावातच आहे. घाटी काळ्या मसाल्यात बहुतेकदा दोन्ही असतात. पावभाजी, मिसळ, चिकन मसाल्याच्या पाकिटांवर मागे बारीक अक्षरात 'लसूण पावडर' शोधा, पावडरमध्ये ते आणखी घट्ट झालेलं असतं.

पोळीऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, पोहे. भाज्या: बटाटा, गाजर, काकडी, पालक, मेथी, वांगं, भेंडी, फरसबी एका वेळी पाऊण वाटीच्या मानाने. अंडी, मासे, चिकन यांत फॉडमॅप नसतातच, वाटणात काय आहे तेवढं बघा.

चार माणसांचा स्वयंपाक एकत्र असेल तर क्रम बदला. भाजी किंवा आमटी हिंग-मोहरी-मिरचीवर शिजवा, पथ्याची वाटी आधी काढून घ्या, मग उरलेल्यावर कांदा-लसणीची खमंग फोडणी वरून घाला. कढई एक जास्त लागते, पण दोन वेगळे स्वयंपाक होत नाहीत. दोन स्वयंपाक दहा दिवसांपलीकडे कुठल्याच घरात टिकत नाहीत.

---

हिंगजिरे

डाळींबद्दल एक पुरवणी. जीओएससुद्धा पाण्यात उतरतात. म्हणून कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, शिजवलेलं पाणीही टाकायचं. मोड आले की जीओएस आणखी कमी होतात, त्यामुळे अख्ख्या हरभऱ्याच्या उसळीपेक्षा मोडाच्या मुगाची थोडी उसळ सोसण्याची शक्यता बरीच जास्त.

आणि याच हिशेबाने कटाची आमटी हा पुरणपोळीच्या ताटातला सर्वात अवघड पदार्थ. हरभरा डाळीचं जे बाहेर पडलं ते सगळं कटात. लोक पुरणपोळी टाळतात आणि 'पातळच तर आहे' म्हणून दोन वाट्या कट पितात.

---

मऊभात

वाचते आहे, सगळं पटतंय. प्रश्न असा: तीन आठवडे नीट झाले, मग एखाद्या दिवशी मीटिंगमध्ये सामोसा-कचोरी खाल्ली गेली. आता पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं का? इंटरनेटवर बरेच जण 'रीसेट' म्हणतात.

---

खडूस_काका

नाही. अजिबात नाही. ही रीसेटची कल्पनाच पथ्य बुडवते.

फॉडमॅप म्हणजे अॅलर्जी नव्हे, आतड्याला त्याने इजाही होत नाही. आंबलं, वायू झाला, दुखलं, साधारण एक-दोन दिवसांत निस्तरलं. तीन आठवड्यांचं काही वाया जात नाही. पुढचं जेवण पथ्याचं घ्या आणि जिथे होतात तिथूनच पुढे चला. वहीत 'सामोसा, दुपारी ४' एवढं लिहा. लक्षणं शांत होईपर्यंत नवी चाचणी सुरू करू नका, बस.

मानसशास्त्रात यावर जुनं काम आहे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक यांनी काहींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइसक्रीम हवं तेवढं चाखायला दिलं. एरवी हात राखून खाणारे, मिल्कशेकने आपला नियम मोडला असं वाटताच, आइसक्रीम उलट जास्त खाऊन बसले. 'बुडाली ती बुडालीच' असा सगळा प्रकार. सामोसा एक असतो. 'आज तर मोडलंच आहे' म्हणून रात्री मागवलेली पावभाजी, वर कुल्फी, आणि 'सोमवारपासून नव्याने' म्हणत घालवलेले चार दिवस, खरं नुकसान तिथे होतं.

---

मोजपट्टी

यात वेळेचा हिशेबही धरा. फ्रुक्टान-जीओएस मोठ्या आतड्यात पोचायला काही तास लागतात. संध्याकाळी ५ ला पोट फुगलं तर ४ च्या बिस्किटाला दोष देण्याआधी दुपारचा, अगदी सकाळचाही डबा आठवा. दर वेळी 'शेवटचं खाल्लेलं' गुन्हेगार ठरवलं की दोन महिन्यांत यादीत फक्त भात उरतो.

वहीत पाच रकाने पुरेत: वेळ, काय खाल्लं (अंदाजे माप), त्रास ० ते १०, झोप किती तास, ताण ० ते १०. स्त्रियांनी पाळीची तारीखही लिहावी, त्या दिवसांत त्रास वाढणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांनी वही उलटी वाचा. आधी ताण ७ च्या वरचे दिवस शोधा आणि त्या दिवशी ताटात खरंच काही होतं का ते पाहा. बऱ्याच वह्यांत ताट निर्दोष निघतं.

---

सुपारीफोड

कोणीतरी चहाचं बोला. ताणात पहिला वाढतो तो चहा.

---

मोजपट्टी

चहाचं गणित सरळ आहे. गाईच्या दुधात १०० मिलीला साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज. वर्ज्य टप्प्यात एका वेळी सुमारे १ ग्रॅमची मर्यादा धरतात, म्हणजे २० मिली दूध, चहात एक मोठा चमचा. घरचा दुधाळ कप ८० मिली दुधाचा असतो, म्हणजे ४ ग्रॅम. महिनाअखेरीला असे पाच कप झाले की २० ग्रॅम, आणि माणूस म्हणतो, 'मी दूध तर पीतच नाही.' लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बरेच जण एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत सोसतात, म्हणून चाचणीनंतर दुधाचा चहा परत येण्याची शक्यता चांगली आहे. तोवर लॅक्टोज-फ्री दूध, किंवा अगदी थोड्या दुधाचा पातळ चहा. चहाची पूड दहा मिनिटं उकळू नका, कडक उकळलेल्या चहात पानांतले फ्रुक्टानही उतरतात.

तूप बिनधास्त. पनीर चालतं. दह्यात लॅक्टोज थोडं कमी झालेलं असतं पण संपत नाही, आंबट असलं तरी. ताक पातळ असेल तर अर्धा पेला.

दोन छुपे चोर. पोट फुगलं म्हणून बडीशेपेचा काढा उकळून पितात. जेवणानंतर चिमूटभर बडीशेप चावणं ठीक, पण काढ्यात फ्रुक्टान भरपूर उतरतात. आणि ताण घालवायला चघळलेलं शुगर-फ्री च्युइंग गम: त्यात सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल हे पॉलिऑल असतात. नावाच्या शेवटी 'ऑल' दिसलं की पाकीट परत ठेवा.

तिखटाचंही सांगतो. मिरचीत फॉडमॅप नाहीत, पण आयबीएसमध्ये मिरचीने कळ वाढू शकते. कांदा-लसूण-पाव वगळून केलेली झणझणीत तर्री पिऊन 'पथ्याचा उपयोग नाही' म्हणू नये.

---

शेंगदाणाकूट

आता मूळ प्रश्नाचा गाभा: ताणाचा दिवस. त्या दिवशी काय खायचं हे त्या दिवशी ठरवायचंच नाही. शांत रविवारी दोन जेवणं आणि एक मधल्या वेळचं खाणं कायमचं ठरवून टाका. तेच ते असलं तरी चालेल, विचार करावा लागू नये एवढंच.

नमुना. सकाळी: पोहे, बटाटा, शेंगदाणे, कांद्याची हिरवी पात, लिंबू. दुपारचा डबा: दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मेथी-बटाटा, शेंगदाण्याची चटणी (लसणीऐवजी जिरं), काकडी. रात्री: मऊ भात, तूप, पाव वाटी पातळ मुगाचं वरण किंवा अंड्याची भुर्जी (टोमॅटो थोडा, कांदा नाही).

पथ्य मोडण्याची खरी वेळ संध्याकाळी ५ ते ८. दुपारचा डबा १ ला, रात्रीचं जेवण साडेनऊला, मध्ये साडेआठ तास आणि लोकलचा प्रवास. या फटीत स्टेशनबाहेरच्या वड्याशी झुंजण्यात अर्थ नाही, कारण बटाटेवड्यात लसूण, वर बेसनाचं आवरण, पावात गहू आणि आत लसणीची सुकी चटणी. चारही एकदम. त्यापेक्षा ५ वाजता पोटात काहीतरी जाऊ दे. पातळ पोह्यांचा चिवडा करून डब्यात ठेवा: अर्धा किलो पोहे, पाऊण वाटी शेंगदाणे, पाव वाटी खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, मिरची, हळद, मीठ, पिठीसाखर. काजू, बेदाणे, डाळं आणि तळलेला कांदा नाही. बरोबर एक संत्रं, नाहीतर जरा कच्चट केळं. पूर्ण पिकलेल्या, ठिपके पडलेल्या केळ्यात फ्रुक्टान वाढलेले असतात.

आणि वाक्य आधीच ठरवून ठेवा. 'मीटिंगमध्ये प्लेट आली तर मी फक्त चहाचा कप उचलेन आणि खुर्चीवर परत आलो की चिवडा.' असं 'अमुक झालं तर तमुक' नेमकं ठरवलेलं जास्त पार पडतं, हे पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. 'मी बाहेरचं खाणार नाही' हा निश्चय आहे, त्यात समोर प्लेट आल्यावर करायचं काय हे कुठेच नाही.

---

मऊभात

आणि बाहेर जेवावंच लागलं तर? 'जैन' मागितलं की झालं ना?

---

शेंगदाणाकूट

अर्धंच झालं. जैन पंजाबी भाजीत कांदा-लसूण नसतो, पण ग्रेव्हीला दाटपणा काजूने येतो, आणि काजू फ्रुक्टान आणि जीओएस दोन्ही गटांत वाईट. जैन पावभाजीत मटार आणि पाव राहतोच.

त्यापेक्षा महाराष्ट्रात एक तयार सोय आहे जिच्याकडे पथ्यवाले वळून बघत नाहीत: उपवासाचे पदार्थ. साबुदाणा खिचडी, उपवासाची बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. कांदा-लसूण नाही, गहू नाही, डाळ नाही. लहान गावातल्या हॉटेलातही खिचडी मिळते आणि 'उपवास आहे' म्हटलं की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. सुपारीफोड म्हणाले तो 'एका घासाने काय होतंय' सुद्धा तिथे गप्प बसतो. फक्त तूप-तेल बेताचं, जास्त स्निग्धानेही आयबीएसमध्ये त्रास होतो. एक प्लेट खा, दोन नको.

दक्षिणी हॉटेलात इडली-डोसा घेताना सांबार बाजूला ठेवा आणि नारळाची चटणी चमचाभर घ्या.

---

हिंगजिरे

दुसऱ्या टप्प्याबद्दल लिहितो, कारण तिथपर्यंत फार थोडे पोचतात. बरं वाटायला लागलं की 'आता कशाला छेडा' म्हणून वर्ज्य टप्पाच चालू ठेवतात. हे चूक आहे. फॉडमॅप हे आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंचं खाद्य. वर्ज्य टप्प्यात बिफिडोबॅक्टेरिया कमी होतात हे अनेक अभ्यासांत दिसलंय. शिवाय ताट जितकं अरुंद तितकं ते ताणात सांभाळायला कठीण.

आणि सहा आठवड्यांनी काहीच फरक पडला नसेल तर? तर पथ्य सोडा. हे सगळ्यांना लागू पडत नाही. आणखी कडक करून लागू पडायला लागत नाही.

चाचणीची रीत: एका वेळी एकच गट, तीन दिवस, रोज माप वाढवत. बाकीचं ताट पथ्याचंच. त्रास झाला तर तिथेच थांबा. मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुढचा गट.

लॅक्टोज : दूध ६० मिली, १२५ मिली, २५० मिली.
गव्हाचे फ्रुक्टान : अर्धी पोळी, एक, दोन.
लसूण : पाव पाकळी, अर्धी, एक.
कांदा : शिजवलेला एक चमचा, दोन चमचे, पाव कांदा. (कांदा, लसूण, गहू तिन्ही वेगवेगळे तपासा. एक सोसला नाही म्हणून बाकीचे बाद होत नाहीत.)
जीओएस : शिजवलेला राजमा दोन चमचे, पाव वाटी, अर्धी वाटी.
फ्रुक्टोज : मध एक छोटा चमचा, दोन, तीन.
मॅनिटॉल : रताळं किंवा मश्रूम, पाव वाटीपासून.

सॉर्बिटॉल शेवटी ठेवलं तरी चालतं, आपल्या रोजच्या ताटात ते कमीच असतं.

क्रमाला शास्त्रीय बंधन नाही. म्हणून ज्याच्याविना जीव कासावीस होतो ते आधी तपासा. पोळी हवी असेल तर पहिल्याच आठवड्यात पोळी. दोन पोळ्या सोसतात असं कळलं की पुढचे पाच आठवडे कितीतरी सोपे जातात.

एक कडक नियम मात्र पाळा: ज्या आठवड्यात ऑडिट, परीक्षा, प्रवास किंवा जागरणं आहेत, त्या आठवड्यात चाचणी नको. दुखलं तर ते लसणीचं की ऑडिटचं, हे ओळखायला काही साधन नाही. आहे त्या टप्प्यावर थांबा, तेच ते जेवा, आठवडा जाऊ द्या.

---

डॉक्टर_नाडीपरीक्षा

व्यवसायाने याच क्षेत्रात आहे म्हणून काही गोष्टी ठामपणे सांगते.

गहू बंद करण्याआधी सीलिअॅकची रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) करून घ्या. गहू सोडल्यावर तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते आणि मग ती खरी करण्यासाठी काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो. त्याला कोणीच राजी नसतं.

शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर पथ्य बाजूला ठेवून आधी तपासण्या. आधीच वजन कमी असलेल्यांनी, गर्भवतींनी, आणि खाण्याशी नातं पूर्वी बिघडलेल्यांनी हे पथ्य स्वतःहून करू नये. मुलांना तर मुळीच लावू नये. ज्यांना पथ्याचा विचारच दिवसभर छळतो, त्यांच्यासाठी सौम्य प्रकार असतो: फक्त कांदा, लसूण, जास्तीचं दूध आणि त्रास देणारी एखादी डाळ एवढंच कमी करायचं. पुष्कळांना तेवढं पुरतं.

ताणावर वेगळा उपचार करणं म्हणजे पळवाट नव्हे. मोनॅशच्याच २०१६ च्या चाचणीत आतड्यावर केंद्रित संमोहन-उपचाराचा गुण लो-फॉडमॅपच्या जवळपास बरोबरीने आला. प्रशिक्षित माणूस सगळीकडे मिळत नाही, हे खरं. संथ श्वास तरी करता येतो: हात पोटावर, चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच ते दहा मिनिटं, जेवणाआधी.

गहू कमी केल्यावर बद्धकोष्ठ झालं तर इसबगोल चालतं, ते फार आंबत नाही. एक छोटा चमचा पेलाभर पाण्यातून, आठवड्याने दोन. स्वादाचं तयार पाकीट घेताना गोडवा कशाचा आहे ते वाचा.

---

सुपारीफोड

उत्तम. शेंगदाणाकूट, तो उपवासाचा मुद्दा फारच कामाचा. पण उपवासाच्या ताटात रताळ्याचा कीस, खजूर, राजगिऱ्याचा लाडूही असतो. तेही चालतं समजायचं का?

---

शेंगदाणाकूट

खजूर नको, एकदोन बियांतच फ्रुक्टान भरपूर. राजगिऱ्याच्या लाह्या पाव वाटीपर्यंत, लाडू असेल तर आत मध आहे का ते विचारा. रताळ्यात मॅनिटॉल असतं, साधारण ७५ ग्रॅमपर्यंत चालतं. पण किसाची प्लेट त्याच्या दुप्पट भरते, म्हणून वर्ज्य टप्प्यात खिचडीतला बटाटाच घ्या आणि रताळं मॅनिटॉलच्या चाचणीसाठी राखून ठेवा.